दिवस बुडायच्या आत

दशलक्षण पर्व सरले, अनंत चतुर्दशी झाली, की आपल्या समाजातील घराघरांत एक निराळीच हलकी हवा वाहू लागते. दहा दिवसांचे नियम, एकाशने, उपवास, तत्त्वार्थसूत्राच्या रोज एका अध्यायाचे वाचन, सायंकाळची आरती या सर्वांनी मन धुतल्यासारखे झालेले असते. आणि मग येते क्षमावाणी. वर्षभरात कळत-नकळत ज्यांना दुखावले, त्यांच्यापुढे हात जोडण्याचा तो दिवस. पर्वाचा आरंभ उत्तम क्षमेने होतो आणि शेवटही क्षमेनेच होतो, ही पूर्वसूरींनी घालून दिलेली रचना मला नेहमी जमाखर्चाच्या वहीसारखी वाटत आली आहे. आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक एकाच रकान्यात. सारे आयुष्य बँकेत काढल्यामुळे अशा उपमा सुचतात. वाचकांनी त्याबद्दलही क्षमा करावी.

पुण्यात स्थायिक झालेली सांगली-कोल्हापूरकडची आम्ही काही जैन कुटुंबे दर वर्षी क्षमावाणीनंतर येणाऱ्या शनिवार-रविवारी एकत्र जमतो. पूर्वी हा मेळावा कोणाच्या तरी बंगल्याच्या गच्चीवर होत असे. आता मुले-सुना-नातवंडे धरून संख्या इतकी वाढली आहे, की कोथरूडमधील एक मंगल कार्यालय दोन दिवस घ्यावे लागते. निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या नशिबी समाजकार्यात जे येते तेच माझ्याही वाट्याला आले आहे. भोजनाची कूपने, देणग्यांच्या पावत्या आणि अखेरचा ताळमेळ ही तीन कामे गेली चार वर्षे माझ्याकडे आहेत. यंदाच्या मेळाव्यात मात्र असा एक ताळमेळ लागला, जो पन्नास वर्षे लागलेला नव्हता. त्याचीच ही हकिकत.

शनिवार

शनिवारची सकाळ मंदिरात पंचामृत अभिषेकाने सुरू झाली. पहिल्या कलशाचे सवाल नेहमीप्रमाणे रंगले आणि ते एका अशा गृहस्थांनी घेतले, जे इतर वेळी रिक्षावाल्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतात. दुधाची, इक्षुरसाची धार, पिवळ्या सोवळ्यातली लहान मुले, कापूर आणि चंदन यांचा मिसळलेला वास. हे सारे पाहताना माणूस आपोआप गावच्या बस्तीत जाऊन उभा राहतो. त्यानंतर कार्यालयात दहा उपवास करणाऱ्या तपस्वींचा सत्कार झाला. त्यांत संगणक क्षेत्रात काम करणारी एक तरुणी होती. दहाही दिवस तिने घरून कामही केले आणि उपवासही केले. तिच्या कंपनीतील सहकाऱ्यांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही, हे ऐकून सभागृहात टाळ्या वाजल्या.

दुपारी मुलांची प्रश्नमंजूषा होती. तीर्थंकरांची लांछने विचारली जात होती. ऋषभनाथांचा बैल, पार्श्वनाथांचा सर्प, महावीरांचा सिंह ही उत्तरे प्रश्न संपण्याआधीच येत होती. पण अजितनाथांचा हत्ती आणि संभवनाथांचा घोडा यांची अदलाबदल करून दोन संघ बाद झाले. भटारखान्याशेजारच्या पडवीत वयस्कर बायका केळी सोलत, गहू निवडत बसल्या होत्या. त्यांच्या गप्पा अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या कानडीत चालल्या होत्या. शिरोळ, चिकोडी, जयसिंगपूर, निपाणी या पट्ट्यात दोन भाषांच्या मध्ये कुंपण नाही, हे तिकडच्या वाचकांना सांगायला नको.

सायंकाळचे जेवण दिवस असतानाच उरकले आणि मग मुलांनी एक प्रहसन सादर केले. त्यात खेड्यातून पुण्यात आलेल्या एका आजीचे पात्र होते. ‘मला न्हाई जमायचं’, ‘तसलं काय नगं’ असे ती काही बोलली, की सभागृह खो-खो हसे. मुलांचा काही दोष नव्हता, त्यांनी लिहून दिलेले पाठ केले होते. मीही हसलो. हसता हसता शेजारी पाहिले, तर पडवीत केळी सोलणाऱ्या त्या बायका शेवटच्या रांगेत बसल्या होत्या आणि त्या हसत नव्हत्या. माझे हसू ओठांतच विरले. कारण त्या हसण्याशी माझी फार जुनी ओळख होती.

प्रहसन संपल्यावर आमच्या कार्यवाहांनी दुसऱ्या दिवशीच्या प्रमुख पाहुण्यांचे नाव जाहीर केले. मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या काळातील एक वृत्तनिवेदिका. कार्यवाहांच्या सुनेच्या त्या शेजारी. त्यांचे नाव येथे लिहीत नाही, कारण तशी त्यांचीच विनंती आहे. आपण आता केवळ एक निवृत्त नागरिक आहोत आणि तसेच राहणे आपल्याला आवडते, असे त्या म्हणाल्या. पण ज्यांनी त्या काळात कृष्णधवल पडद्यासमोर बैठक मारली असेल, त्यांच्यापैकी पुष्कळांना तो चेहरा आणि तो स्वच्छ, संथ, प्रत्येक अक्षराला त्याची जागा देणारा आवाज नक्की आठवेल.

नाव ऐकताच माझ्या हातातील कूपनांची गड्डी खाली पडली. शेजारच्यांनी ती गोळा करून दिली. दमलात का, असे त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. खरे कारण सांगण्याजोगे नव्हते.

एक पोस्टकार्ड

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दिल्लीनंतरचे हे देशातील दुसरे केंद्र. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. वडील लालबागच्या एका गिरणीत हिशेबनीस होते आणि आम्ही तेथल्याच एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. चाळीखाली कच्छी जैन शेठचे किराणा दुकान होते. आमच्या संपूर्ण चाळीत दूरदर्शनचा संच आला तो त्यांच्याच घरी. सरकत्या लाकडी दारांचे ते कपाट, गच्चीवरची अँटेना, टपाल कार्यालयात दर वर्षी भरायचे परवाना शुल्क, याचे आम्हाला अपार कौतुक होते. ‘किलबिल’साठी मुलांची, ‘गजरा’साठी मोठ्यांची, ‘छायागीत’साठी सर्वांची आणि रविवारच्या हिंदी चित्रपटासाठी तर जिन्यापर्यंत गर्दी होत असे.

बातम्यांना मात्र गर्दी नसे, आणि त्याचे कारण विचार करण्यासारखे आहे. संध्याकाळच्या मराठी बातम्यांच्या वेळी चाळीतील सगळ्या बिऱ्हाडांत चुली-स्टोव्ह पेटलेले असत. बायकांना मान वर करायला फुरसत नसे. अपवाद दोनच घरांचा, शेठचे आणि आमचे. दोन्ही घरांत रात्रिभोजनत्याग असल्यामुळे दिवस मावळण्यापूर्वी जेवणे होऊन भांडीसुद्धा पालथी पडलेली असत. त्यामुळे शेठाणी आणि माझी आई या दोघीच पदर सावरून निवांतपणे बातम्या ऐकायला बसत. चाळीतल्या इतर बायकांना ठाऊक नसलेल्या राज्यकारभाराच्या गोष्टी आईला ठाऊक असत, त्या अशा.

आई शिरोळ तालुक्यातील एका खेड्यातली, चौथीपर्यंत शिकलेली. माहेरी कानडी, सासरी मराठी, आणि दोन्हींची मिळून तयार झालेली तिची स्वतःची एक बोली. मुंबईत आल्यावर ती बाहेर फारसे बोलतच नसे. भाजीवालीपासून शाळेतील बाईंपर्यंत सगळे तिच्या ‘कवा’, ‘कुटं’, ‘नगं’ या शब्दांना हसत. पडद्यावरची ती तरुण निवेदिका मात्र तिला मनापासून आवडत असे. तेव्हाच्या पडद्यावर निवेदिका अनेक होत्या. भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील यांनीही त्याच केंद्रावर काम केले, आणि पुढे रंगभूमी व चित्रपटांनी त्यांना नेले. पण आईची निवेदिका ही एकच. दुष्काळाच्या, रोजगार हमीच्या कामांच्या, १९७४ च्या मे महिन्यातील रेल्वे संपाच्या बातम्या ती सांगत असे आणि आईचे ओठ तिच्याबरोबर हलत असत. ‘अवर्षण’, ‘शिष्टमंडळ’, ‘स्थगित’ असे शब्द आई मनात साठवून घेई आणि रात्री अंथरुणावर मला त्यांचे अर्थ विचारी. शब्द शिकण्याची तिची ही एकमेव शाळा होती.

त्याच वर्षीच्या दशलक्षण पर्वात आईचे दहा दिवस एकभुक्त होते. सहाव्या की सातव्या दिवशी तिने माझ्यापुढे एक कोरे पोस्टकार्ड ठेवले आणि म्हणाली, “मी सांगती तसं लिव. त्या बातम्यावाल्या बाईला धाडायचं हाय.” मी तेरा वर्षांचा, वर्गात मराठीत पहिला येणारा. मोठ्या आढ्यतेने ‘आदरणीय बाई यांस’ असे लिहून मी लेखणी रोखून बसलो. आईने सांगितले ते असे:

“बाई, तुमी रोज दिवेलागणीला बातम्या सांगताय. मग जेवताय कवा? दिवस बुडायच्या आत दोन घास खाऊन घेत जावा. उपाशीपोटी बोलू नगा, घसा सुकतोय. तुमची आई सांगती असं समजा.”

एवढेच पत्र. ना प्रशंसा, ना विनंती, ना कार्यक्रमाविषयी एखादी सूचना. स्वतः दिवसातून एकदाच जेवणारी बाई जिला कधी पाहिले नाही अशा एका मुलीच्या जेवणाची काळजी करीत होती. आज हे लिहिताना मला त्याचे मोल कळते. तेव्हा मला फक्त लाज वाटली. दूरदर्शनच्या कचेरीत ते कार्ड कोणीतरी मोठ्याने वाचील, ‘कवा’ आणि ‘नगा’ या शब्दांना सगळे हसतील आणि खाली पत्ता आमचा असेल, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. शब्द बदलून शुद्ध करावे, तर ‘आपण भोजन केव्हा करता’ हे अधिकच हास्यास्पद वाटे. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी कार्ड दोनदा वाचले, चार तुकडे केले आणि गटारात टाकले. घरी येऊन सांगितले, की पेटीत टाकले.

आई उत्तराची वाट पाहत असे असे मी म्हणणार नाही; तिला उत्तराची अपेक्षाच नव्हती. पण साधारण पंधरा दिवसांनी एके संध्याकाळी असे झाले, की बातम्या सांगता सांगता ती निवेदिका क्षणभर थांबली, शेजारचा पाण्याचा पेला उचलून तिने एक घोट घेतला, किंचित हसली आणि पुढची बातमी वाचू लागली. आईने माझ्याकडे पाहिले. तिचा चेहरा उजळला होता. शेठाणीच्या हातावर हात ठेवून ती म्हणाली, “पोचलं माझं पत्र.”

मी काही बोललो नाही. त्या संध्याकाळी नाही, त्यानंतरही कधी नाही. दशलक्षण पर्वात दर वर्षी उत्तम आर्जव आणि उत्तम सत्य या दिवसांची प्रवचने मी ऐकत आलो. मनात एक वाक्य तयार होई आणि ओठांपर्यंत येऊन परत फिरे. बँकेत ज्या रकमेचे खाते सापडत नाही ती ‘उचंत खात्या’त टाकतात. नियम असा, की ती तेथे फार दिवस राहू द्यायची नाही. माझ्या उचंत खात्यात आईचे ते पत्र वर्षानुवर्षे पडून राहिले.

पुढे मी एम.कॉम. झालो, राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो. सहामाही आणि वार्षिक हिशेबांच्या वेळी रात्रीचे अकरा-बारा वाजत. बदलीच्या गावाहून घरी दूरध्वनी केला, की आईचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “जेवलास कवा?” मी चिडून म्हणत असे, “आई, दुसरं काही विचारायला नाही का?” तिला दुसरे काही विचारायचे नव्हते, हे समजायला मला फार उशीर लागला. २०११ साली आई गेली. त्यानंतर मी रात्री केव्हा जेवलो, हे कोणी विचारले नाही.

रविवार

रविवारचा कार्यक्रम तीन वाजता सुरू व्हायचा होता. तो साडेतीनला सुरू झाला. क्षमावाणीचे सामूहिक पठण झाले, गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिके झाली, ज्येष्ठांचे सत्कार झाले. आपल्याकडे सत्कार स्वीकारणारा ‘दोन शब्द’ बोलतो आणि ते दोन शब्द दहा मिनिटे चालतात. प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाची वेळ आली तेव्हा घड्याळात पाच वाजून आठ मिनिटे झाली होती.

येथे भोजनव्यवस्थेची अडचण सांगायला हवी. त्या दिवशी सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होता. पण कडक नियम पाळणारी मंडळी सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधीच, पानावरून उठतात. याचा अर्थ, त्यांची पंगत सव्वापाचला बसायलाच हवी होती. वृद्ध मंडळींच्या नजरा खिडकीबाहेरच्या उन्हाकडे लागल्या होत्या. आचारी दारातून मला खुणा करीत होता. पाहुण्यांना भाषण आवरा असे सांगणे अशिष्टपणा. न सांगावे, तर चाळीस-पन्नास वयस्कर माणसे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उपाशी. कूपनांची गड्डी हातात धरून मी दाराशी घामाघूम उभा होतो.

त्या उठल्या. वय पंचाहत्तरीच्या पुढचे. केस पूर्ण पांढरे, चालणे सावकाश, पण ध्वनिक्षेपकासमोर उभ्या राहताच मान तशीच ताठ झाली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, मग शेवटच्या रांगेकडे आणि मग कार्यवाहांना हळूच काही विचारले. ते उत्तर ऐकून त्या सभेकडे वळल्या. “मला सात मिनिटं पुरतील,” त्या म्हणाल्या. “बातम्या वेळेत संपवणं एवढी एकच गोष्ट मला आयुष्यात नीट येते.”

आवाज जरासा खरखरीत झाला होता, पण प्रत्येक अक्षर आपल्या जागेवर होते. त्या काळात समोर अक्षरे सरकवणारे यंत्र नव्हते, हातातला कागद आणि समोरचा कॅमेरा यांच्यात नजर कशी फिरवावी लागे, शेवटच्या क्षणी हातात पडलेली बातमी आधी न वाचता थेट कशी सांगावी लागे, हे त्यांनी सांगितले. मग एक आठवण सांगितली. एका खेड्याच्या नावाचा उच्चार त्यांच्याकडून चुकला होता. त्या गावातून पत्रे आली. काही रागाची, काही समजुतीची. त्या म्हणाल्या, “त्या गावाला मी पुढे मुद्दाम जाऊन आले. नाव कसं उच्चारायचं ते तिथल्या बायकांकडून शिकले. गावाचं नाव कसं घ्यायचं, हे पुस्तकातून ठरत नाही, त्या गावातली माणसं ठरवतात.” सातव्या मिनिटाला त्यांनी हात जोडले, ‘उत्तम क्षमा’ म्हटले आणि जेवणाच्या दालनाकडे बोट दाखवले. मेळाव्याच्या इतिहासातील सर्वांत मोठा टाळ्यांचा कडकडाट त्या वेळी झाला, आणि त्यातील निम्म्या टाळ्या भुकेल्या होत्या.

पहिल्या पंगतीत त्या बसल्या. मानाच्या मेजावर न बसता पडवीतल्या त्या वयस्कर बायकांच्या रांगेत बसल्या. गव्हाची खीर, कच्च्या केळ्यांची भाजी, मुगाची आमटी, पोळ्या, भात, आमसुलाचे सार आणि उकळून गार केलेले पाणी, असा साधा बेत होता. वाढप्यांकडे न सोपवता पाण्याचा तांब्या मी स्वतः घेतला. त्यांच्या पेल्यात पाणी ओतताना माझा हात थरथरत होता.

“बाई, पन्नास वर्षांपूर्वीचा एक प्रश्न आहे,” मी म्हणालो. “परवानगी असेल तर विचारतो.”

त्या हसल्या. “विचारा की. बातमी इतकी शिळी असली, तर मला ती नवीच असेल.”

मी चाळ, शेठचा संच, आई आणि पोस्टकार्ड इतके सांगितले आणि नेटका होऊन म्हणालो, “माझ्या आईला आपल्याला असं विचारायचं होतं, की आपण सायंकाळचं भोजन केव्हा करता?”

त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिले. “आई असं म्हणाल्या होत्या?”

“नाही.”

“मग त्या जशा म्हणाल्या, तसं सांगा.”

वाचकहो, माझे वय चौसष्ट. हाताखाली माणसे होती, सभा घेतल्या, ग्राहक मेळाव्यांत भाषणे केली. पण त्या बोलीतील एक वाक्य मी चारचौघांत गेल्या पन्नास वर्षांत उच्चारले नव्हते. मी तांब्या खाली ठेवला आणि आईचे पत्र सांगितले. “बाई, तुमी रोज दिवेलागणीला बातम्या सांगताय. मग जेवताय कवा?” पासून “तुमची आई सांगती असं समजा” पर्यंत. एक शब्द विसरलो नव्हतो. शेजारच्या बायकांनी जेवता जेवता माना वर केल्या. त्यांच्यापैकी एकीने पदर डोळ्यांना लावला.

बाईंचा हात पानावर तसाच थांबला होता. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “बातम्यांच्या आधी मी जेवत नसे. पोट भरलं की आवाज जड होतो. काम आटोपून घरी पोचायला रात्रीचे दहा वाजायचे. आई पान झाकून जागी असायची.” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “पत्रं पुष्कळ यायची मला. साडीबद्दल, केसांबद्दल, उच्चारांबद्दल. जेवलीस का, असं माझ्या आईशिवाय कोणी विचारल्याचं आठवत नाही.”

मग मी उरलेले सांगितले. कार्डाचे चार तुकडे केले ते, खोटे बोललो ते, आणि पाण्याच्या घोटावरून आई ‘पोचलं’ म्हणाली तेही. हात जोडून म्हणालो, “आज क्षमावाणी आहे. मला क्षमा करा.”

त्यांनी तोंडदेखले ‘अहो, त्यात काय’ असे म्हटले नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. “क्षमा आईंची मागायला हवी होती,” त्या शांतपणे म्हणाल्या. “ती वेळ गेली. तिचं ओझं तुम्हालाच वागवावं लागेल. माझ्यापुरतं म्हणाल, तर पत्र पोचलं. उशिरा पोचलं, एवढंच.” आणि मग खिडकीबाहेर पाहत त्यांनी विचारले, “किती वाजले?”

“पाच वाजून छत्तीस मिनिटं.”

“म्हणजे दिवस बुडायला अवकाश आहे. थोडी खीर वाढा.”

खीर वाढायला मी उठायच्या आत शेजारच्या आजींनीच पळी पुढे केली. “घ्या हो बाई, लाजू नगा,” त्या म्हणाल्या. आणि आदल्या रात्री सभागृह ज्या शब्दांना हसले होते, त्याच शब्दांना बाईंनी अगदी तसाच हेल देऊन उत्तर दिले, “न्हाई लाजत.” त्या पंगतीत जे हसू उसळले ते मात्र निराळे होते. त्यात शेवटची रांगही सामील होती.

रात्री ताळमेळाला बसलो. कूपने, पावत्या, रोख, सारे जुळले. घरी आल्यावर बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलीला फोन लावला. नऊ वाजून गेले होते. ती कामातच होती. माझ्या तोंडून आपोआप प्रश्न गेला, “जेवलीस का?” पलीकडून थकलेला आवाज आला, “बाबा, दुसरं काही विचारायला नाही का?” मी म्हणालो, “नाही.” ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “आता जेवते.”

आपल्या घरातील वडीलधारी माणसे जे बोलतात, ते त्यांच्याच शब्दांत राहू द्यावे, एवढीच या मासिकाच्या तरुण वाचकांना माझी विनंती. ते शुद्ध करण्याच्या नादात त्यातले काय निसटते, हे फार उशिरा कळते.

सोमवारी सकाळी टपाल कार्यालयात गेलो आणि पन्नास पैशांचे एक पोस्टकार्ड घेतले. कार्यवाहांच्या सुनेकडून पत्ता घेतला होताच. तेथल्याच बाकावर बसून आईचे पत्र लिहिले, खाली आईचे नाव घातले आणि कार्ड पेटीत टाकले. या वेळी एकही शब्द शुद्ध केला नाही.